गाइडचं सासर पुरानी बस्तीत

आमची गाइड पुरानी बस्तीत दिली आहे.

आता गाइड म्हटल्यावर तुमाले वाटन, कोणी किल्ले-गिल्ले दाखवणारी बाई असन. तसं नाई. वीतभर कापडाची बाहुली आहे ती. निळा ड्रेस, गळ्यात स्कार्फ, कमरेले पट्टा, डोळ्याच्या जागी दोन काळ्या गुंड्या. आन् ‘दिली आहे’ म्हणजे खेळाले उसनी दिली असंही नाई. हळद लावून, अक्षता टाकून, रडून-धडून दिली. मी तवा सहा वर्षाची होती आन् वऱ्हाडात सगळ्यात जास्त मीच रडली होती.

या बाहुल्या आमच्या कलावती आत्यानं शिवल्या. आत्या बडनेऱ्याले शाळेत बाई आन् वरून गाइडची कॅप्टन. कॅम्प झाला की फाटके ड्रेस, उरलेले स्कार्फ, तुटलेल्या शिट्यायच्या दोऱ्या, सगळं पोत्यात भरून घरी आणे. त्याच्यातून तिनं चार नग काढले. छोटा पोट्टा कब, छोटी पोट्टी बुलबुल, आन् मोठे स्काउट, गाइड. चौघायचा डावा हात पुढं. स्काउटवाले डाव्या हातानं शेकहँड करतात, हृदयाच्या बाजूचा हात म्हणून. हे आत्याले माहीत, आम्हाले माहीत, बाकी दुनियेले नाई. घरी जो येईन तो शोकेसपाशी थांबे आन् म्हणे, "शिवताना हात उलटे लागले वाटते." आई पहिले समजावून सांगे. मंग नुसती "हो ना" म्हणाले लागली.

लग्नातही हाच लफडा झाला. आम्ही तवा रायपूरच्या पुरानी बस्तीत भाड्यानं राहत होतो. तिकडे अक्तीले, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेले, पोट्टे-पोट्टी बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. नुसतं खेळण्यातलं नाई. मांडव, तेल-हळद, वरात, जेवण, आहेर, सगळं. मोठे लोकही येऊन बसतात आन् खरंखुरं भांडतात. माझी मैत्रीण रमा, समोरच्या दुलारी काकीची पोरगी, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. तिच्याकडे मातीचा नवरदेव होता, गोल बाजारातला, फेटेवाला. माझ्याकडे मातीची नवरी नव्हती, म्हणून आईनं गाइड दिली. भटजी झालेला पोट्टा माझ्यापेक्षा जरासाच मोठा होता. म्हणे, "नवरी उलटा हाथ दे रही है, अपशकुन है." मी त्याले ढकलून दिलं. मांडवाचा एक बांबू पडला. तरी लग्न लागलं आन् गाइड समोरच्या घरी नांदाले गेली. समोरचंच घर, म्हणून मले वाटलं काय, रोज भेटन. मंग बाबाले रेल्वेचं क्वार्टर भेटलं आन् आम्ही सामान टेम्पोत टाकून निघून आलो.

राहिले तीन. मी बरीच वर्षं तिघांवर भागवलं. तवा खेळणे काय असत? बूटपॉलिशच्या डब्यांचा तराजू, माचिसच्या डब्यांचा टेलिफोन, पोळ्याले मातीची चूल, मातीचं जातं, चाकांचा बैल. बैलाचं चाक संध्याकाळपर्यंत तुटे आन् मंग तो वर्षभर बसलेला बैल म्हणून चाले. आताच्या पोट्ट्यांले बॅटरीवालं सगळं पाहिजे. असो. मी काही म्हातारी नाई, सोळा वर्षाची आहे. पण शाळा सोडलेल्या माणसाले आठवण काढाले टाइम भेटते. शाळा काहून सोडली ते विचारू नका. गणिताच्या सरले विचारा, त्यायले जास्त माहीत.

तं झालं असं. आई घरी साड्यायले फॉल-पिको करून देते. रायपूर राजधानी झाली तवापासून तिचं गिऱ्हाईक वाढलं, कारण साड्या नेसणाऱ्या मॅडम वाढल्या. त्यातल्याच एक राधिका मॅडम. पुण्याच्या. इकडे संस्कृतीच्या कोणत्या तरी नव्या सरकारी संस्थेत आल्या. साडी द्याले आल्या आन् शोकेस पाहून किंचाळल्याच.

"अगं, किती गोड! स्काउट डॉल्स! हँडमेड? आणि डावा हात पुढे! बरोब्बर!"

मॅडमले डाव्या हाताचं माहीत होतं. मले त्या तिथंच आवडल्या.

"मी कापडी बाहुल्यांचा संग्रह करते," त्या म्हणाल्या. "आता आमचं जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन आहे. हा सेट मी मधल्या कपाटात ठेवीन, तुझ्या आत्याच्या नावासकट. पण चौथी कुठे आहे? गाइड?"

"सासरी," आई म्हणाली.

मॅडम हसल्या. त्यायले वाटलं, गंमत आहे. मंग म्हणाल्या, "मिळव हं ती. तीन बाहुल्यांचा सेट मधल्या कपाटात नाही ठेवता येणार. तीजच्या, म्हणजे हरतालिकेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती बसवायच्या आधीच गाडी घेऊन येते."

खरं सांगू का? प्रदर्शनाचं मले एवढं नव्हतं. मले माझी गाइड पाहिजे होती. कायमची. इतके दिवस मागाले कारण नव्हतं, आता सरकारी कारण भेटलं.

दुसऱ्याच दिवशी टेम्पोत बसून पुरानी बस्तीत पोचली. दुलारी काकी ओट्यावर बसून सुपानं तांदूळ पाखडत होती. केस पांढरे झाले, आवाज तोच. मले ओळखलं, पाणी दिलं, आईची साडी, बाबाची तब्येत, सगळं विचारलं. माझं लक्ष देवाजवळच्या कोनाड्यात. तिथं माझी गाइड बसली होती. अंगावर हातभर लुगडं, हातात मण्यांच्या बांगड्या, भांगात शेंदूर. गाइडच्या भांगात शेंदूर! बाजूले तो मातीचा नवरदेव, मान डिंकानं चिकटवलेली, एका पायानं डगडग. मले असा राग आला का काय सांगू.

"काकी, मेरी गुड़िया दे दो ना. ले जाने आई हूँ."

काकीनं सूप खाली ठेवलं. "तोर संग मइके ले अउ कोन आय हे?" माहेरून तुझ्यासंगं आणखी कोण आलं?

"मैं हूँ ना!"

"तैं त नोनी अस. बहू ल अइसने थोरे लेगथें. तीजा म भाई आही, लुगरा धर के आही, तब जाही."

म्हणजे तू तं पोरगी, आन् सुनेले असं कोणीही उठून नेत नाई. तिजाले भाऊ येईन, लुगडं घेऊन येईन, मंग जाईन. छत्तीसगढमध्ये हा कायदाच आहे. पोळा झाला की भाऊ नाई तं बाप निघतात, लग्न झालेल्या पोरींले माहेरी आणतात. म्हाताऱ्या बायाही जातात. ते मले माहीत होतं. पण ते माणसांचं!

"काकी, कपड़े की गुड़िया है!" मी जोरानं म्हटलं.

"त बिहाव के दिन काबर रोए रहे?"

मंग लग्नाच्या दिवशी काहून रडली होतीस? मी चप्पल घातली आन् पाय आपटत निघाली. मागून काकी म्हणे, "चाय पी के जा!" मी चहा पिऊन, पाय आपटत निघाली.

घरी ही गोष्ट शेजारच्या अच्युत काकांनी ऐकली. अच्युत काका नव्या सचिवालयात बाबू. राजधानी झाली तवापासून आमच्या कॉलनीत कोणी सल्ला देत नाई, सगळे प्रक्रिया सांगतात.

"पोट्टी, तू तोंडी गेली हेच चुकलं," ते म्हणाले. "लेखी जावं लागते. विषय, संदर्भ, विनंती. ताबा त्यायचा, मालकी तुझी. तात्पुरती वापसी मागायची. एकदा हातात आली का मंग वापस कोण करते?"

बाजूच्या वनमाला काकू भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "अहो, नवरदेवाची मान तुटली होती ना? मंग तं सोडचिठ्ठीच झाली."

"मान चिकटवली आहे," मी म्हटलं.

"मंग पंचाईत आहे," काकू म्हणाल्या आन् पुन्हा भाजी निवडू लागल्या.

काकांनी शुद्ध हिंदीत अर्ज लिहिला. ‘विषय : विवाहोपरांत सौंपी गई गुड़िया की अस्थायी वापसी बाबत.’ खाली माझी सही, वर ‘सेवा में, श्रीमती दुलारी बाई’. मी घेऊन गेली. काकीले वाचता येत नाई, म्हणून तिनं दुकानवाल्या भैयाले बोलावलं. त्यानं ओट्यावर उभं राहून असा खणखणीत वाचला का अर्धा पारा, म्हणजे अर्धी गल्ली, जमा झाला. ‘अस्थायी’वर लोकायचं जे सुरू झालं! एक बाई म्हणे, "अस्थायी माने छोड़ही का बहू ल?" म्हणजे सुनेले सोडणार का? दुसरा म्हणे, "पंचायत बलाव." एका म्हाताऱ्यानं मलेच विचारलं, सुनेले जाच आहे का? आन् काकीकडे असं पाहिलं का ती बिचारी रडकुंडीले आली. म्हणे, देखव तो, कोनो दुख हे एला? पाहा तरी, हिले काही दुःख आहे का? कोनाड्यातून गाइड काढून तिनं सगळ्यायले दाखवली. गाइड तब्येतीनं चांगली होती, खोटं काहून बोलू.

शेवटी काकीनं अर्जाची घडी घातली आन् डगडगणाऱ्या नवरदेवाच्या पायाखाली ठेवली. तो एकदम सरळ उभा राहिला. आमच्या अर्जाचं एवढंच काम झालं.

मी घरी आली आन् बाबासमोर रडलीच. बाबा वॅगनच्या कारखान्यातून येऊन पाय धुत होते. पहिले हसले. हसता हसता थांबले.

"बरोबर आहे तिचं," म्हणे.

"काय बरोबर आहे?"

"आपण पोरगी दिली आन् इतक्या वर्षात एकदा तिजाले आणाले गेलो नाई. आता मागाले चाललो, तेही कागद घेऊन. ती काय समजन आपल्याले?"

"बाबा, तुमी पण!"

"पोळा झाला का जातो. लुगडं शीव तू. आन् भाऊ पाहिजे म्हणते ना? स्काउट आहे का नाई?"

मी पंडरीच्या कापड दुकानातून कतरन आणली, लाल, जरीच्या काठाची. आईच्या मशीनवर लुगडं शिवलं. शाळेत मले शिवणकामात नापास केलं होतं, हे त्या बाईनं पाहाले पाहिजे होतं. आईनं करंज्या केल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबानं इस्त्रीचा शर्ट घातला, वरच्या खिशात स्काउट ठेवला आन् स्कूटर काढली. स्काउटचा डावा हात खिशाबाहेर. मी मागं करंज्यांचा डबा घेऊन.

राजधानीचे रस्ते तवा सगळेच खोदून ठेवले होते. प्रत्येक खड्ड्यात स्काउट जरा जरा वर येऊन राहिला होता. गोल बाजारापाशी, जिथं पोळ्याचे उरलेले मातीचे बैल विकाले बसले होते, तिथं एक मोठ्ठा खड्डा आला आन् स्काउट उडाला. सरळ बैलांच्या ढिगात. आम्ही स्कूटर वळवून येतो तोपर्यंत एका लेकरानं त्याचा डावा हात धरला होता आन् त्याची आई दुकानदाराले भाव विचारून राहिली होती.

"वो हमारा है," बाबा म्हणाले.

"भैया, बच्चा छोड़ नहीं रहा," ती बाई.

"बहनजी, वो बहन को लेने जा रहा है!"

बाई दोन पावलं मागं सरकली. लेकरू नाई सरकलं. मी ओढलं तं त्यानं असा भोंगा लावला का मले मीच आठवली. आता काय करतं? बाबानं चाकांचा बैल घेऊन दिला, तवा कुठी त्यानं भाऊ सोडला. मी बाबाले म्हटलं, मले पण एक बैल पाहिजे. बाबा म्हणाले, वय काय तुझं? मी म्हटलं, राहू द्या मंग. त्यायनं घेऊन दिला.

काकीच्या घरी मात्र असं स्वागत झालं का आमचीच मान खाली गेली. तिनं बाबाचे पाय धुवाले पाणी दिलं. स्काउटले पाटावर बसवलं, समोर पितळेच्या इवल्याशा लोट्यात पाणी ठेवलं. अर्ज ऐकाले आला होता तो सगळा पारा पुन्हा आला. मी लुगडं दिलं. काकीनं उलटं-सुलटं करून पाहिलं, शिवण ओढून पाहिली आन् काही बोलली नाई. मंग गाइडले तेच नेसवून तिचं सामान बांधाले बसली. रुमालाची गाठोडी, त्यात बांगड्या, छोटा कंगवा, चिमूटभर शेंदूर. ओठ घट्ट मिटलेले.

बाबा आपले बोलाले म्हणून बोलले, "रमा कब आ रही है?"

"रमा ए बछर नइ आवय. लइका नान्हे हे." रमाचं लग्न झालं होतं, लेकरू लहान, म्हणून या वर्षी ती येणार नव्हती.

"और आप? आप मइके नहीं जातीं?"

काकी गाठ मारत होती. मान वर केली नाई. "मोला कोन लेगही? एके झन भाई रहिस, तउनो गुजर गे." मले कोण नेईन, एकच भाऊ होता, तोही गेला. असं म्हणून तिनं गाठोडी गाइडच्या बाजूले ठेवली, आन् गाइडचा पदर नीट केला. तो नीटच होता.

मंग मले समजलं. आम्ही गाइड घेऊन जाऊ आन् तिजाच्या दिवशी हिच्या घरात तो चिकटवलेल्या मानेचा नवरदेव आन् ही, दोघंच.

बाबा उठले. मले वाटलं, निघाले. तं म्हणाले, "बहिनी, अपना झोला भी भर लो."

"मोर झोला काबर?"

"भाई लेने आया है ना."

"लोगन का कइहीं?"

"कहेंगे, मइके गई है."

काकीनं पाऱ्याकडे पाहिलं. मंग अर्जावरून मले विचारणारा तो म्हातारा म्हणाला, "हव, जा ना वो." आन् काकी आत गेली. इतका वेळ लावला झोला भराले का मी तीन करंज्या खाल्ल्या.

स्कूटरवर बाबा, मागं काकी, काकीच्या मांडीवर गाइड, खिशात स्काउट. माझी जागाच नव्हती. मी मातीचा बैल घेऊन टेम्पोनं आली.

अच्युत काका गेटवरच उभे. "श्यामराव, ही तुमची विहीण का बहीण? दोन्ही एकदम चालत नाई."

"तुमी प्रक्रिया पाहून ठेवा," बाबा म्हणाले, "तवर आम्ही जेवतो."

तिजाच्या आदल्या रात्रीच्या जेवणाले कारल्याची भाजी आन् भात लागतोच. आईले कारलं पाहूनच शहारे येतात, पण काकीसमोर मुकाट खाल्लं. दुसऱ्या दिवशी एकीचा तीजा, दुसरीची हरतालिका, उपास एकच. दोघी एका चटईवर, पाण्याशिवाय, दिवसभर आपापल्या नवऱ्यांबद्दल बोलत होत्या. काकीचा नवरा तं कधीचाच वारला, तरी तिनं उपास सोडला नव्हता आन् त्याच्या तक्रारीही संपत नव्हत्या. दुपारी काकी झोपली. पाय पोटाशी घेऊन, पोरीसारखी. मी मिक्सर लावाले गेली तं आईनं हात धरला. "राहू दे. माहेरी आली आहे."

मी शोकेसमध्ये चौघांले ओळीनं ठेवलं. कब, बुलबुल, स्काउट, गाइड. किती वर्षं मले वाटत होतं, हे असं झालं का सगळं पहिल्यासारखं होईन. पण गाइड ओळीत बसतच नव्हती. बाकी तिघं सावधानमध्ये उभे, आन् ही लुगड्यामुळे जाडजूड, जरा वाकलेली, तिच्यातून धूप अन् तेलाचा वास. मी तिचं लुगडं सोडून पाहिलं. खालचा निळा ड्रेस जसाच्या तसा. पट्टा, शिटीची दोरी, सगळं. कोणी तरी सांभाळून ठेवलं होतं. मी लुगडं पुन्हा नेसवलं.

तीजच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उपास सुटला. काकीनं आईनं दिलेली नवी साडी नेसली, झोला उचलला. तेवढ्यात राधिका मॅडमची जीप आली, खोका आन् कापूस घेऊन. काकीनं जीप पाहिली, खोका पाहिला, शोकेसमधून गाइड काढली आन् माझ्या हातात दिली.

"ले नोनी. तोर आय. रख ले."

मले हेच पाहिजे होतं ना? याच्यासाठी अर्ज, लुगडं, बैल, सगळं. आन् माझं डोकं असं फिरलं!

"काकी, ऐसा कैसे? बहू को मइके में छोड़ के जाओगी? कोई तरीका है?"

"मैं खुदे देवत हंव."

"तुम दो, मैं नहीं लेती! ये यहीं रह गई तो अगले साल तुमको लेने कौन आएगा? किस बहाने से आएगा?"

हे मी ओरडून बोलली. बोलून झाल्यावर मले कळलं का मी काय बोलली. बाबा स्कूटरचा आरसा पुसाले लागले.

"अगं, पण सेट!" मॅडम हळूच म्हणाल्या.

"अपूर्ण राहीन, मॅडम. तीन न्या. नाई तं काहीच नका नेऊ."

"तोंडी ना-हरकत भेटली होती," अच्युत काका गेटवरून म्हणाले, "या पोट्टीनं घालवली."

मॅडमनं खोका उघडला नाई, जीपमध्ये वापसही ठेवला नाई. तशाच उभ्या राहिल्या.

काकी स्कूटरवर बसली. मी गाइड तिच्या मांडीवर ठेवली, पदर नीट केला. काकीचे डोळे भरले होते, पण ती काही रडणारी नाई. तिनं नाक ओढलं, लुगड्याचा काठ दोन बोटांत धरला आन् इतके दिवस पोटात ठेवलेलं एकदाचं बोलली.

"अवइया बछर लुगरा लंबा लानबे. एहा माड़ी ले ऊपर आवत हे."

म्हणजे पुढच्या वर्षी लांब आण, मी शिवलेलं लुगडं म्हणे गुडघ्याच्या वर! मी शिवलेलं!

"काकी, वो गाइड है! गाइड का ड्रेस घुटने तक ही रहता है!"

"गाइड होही तोर घर म," काकी म्हणाली. "हमर घर त बहू आय."

आन् बाबाची स्कूटर, जी कधीच पहिल्या किकले सुरू होत नाई, ती नेमकी तवा झाली. मले उत्तर द्याले वेळच भेटला नाई.